पंगत उठल्यावर: देवळाच्या मंडळानं निराधार शेजाऱ्यांना हात कसा द्यावा

सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन झालं, शेकड्यांनी पानं उठली, उरलेली बुंदी घरोघर गेली आणि मंडपवाले बांबू सोडायला लागले. देवळामागच्या पाण्याच्या टाकीखाली एक म्हातारी द्रोण बोटानं निपटत बसली होती. सात दिवस ती आमच्याच पंगतीत जेवली होती. तिचं नाव काय, हे मंडळातल्या एकालाही सांगता येईना. आठव्या दिवशी ती काय खाणार, हा प्रश्न तर कोणाला पडलाच नव्हता. आमच्या भजनी मंडळाचं हे काम त्या आठव्या दिवशी सुरू झालं.

मराठवाड्यात अन्नदानाला तोटा नाही. नांदेडला हजूर साहिबच्या लंगरात कोणीही बसावं, जेवून उठावं, कोणी जात-गाव विचारत नाही. पैठणला नाथषष्ठी, परभणीला तुराबुल हक बाबांचा उरूस, गावोगाव सप्ताह. तरी बसस्थानकाच्या फरशीवर झोपणारी माणसं तिथंच आहेत. माझं मत असं झालंय, की जेवण हे ओळख करून घेण्याचं निमित्त आहे आणि खरं काम पंगत उठल्यावर सुरू होतं. देऊळ, मठ, दर्गा, विहार, चर्च यांच्याभोवती जमलेली दहा-पंधरा माणसं तुमच्याकडे असतील आणि वर्षभर पुरेल असं काही करायचं असेल, तर पुढचं वाचा. आमचं गाव तालुक्याचं आहे, रेल्वे स्टेशन असलेलं. मोठ्या शहरात काही गोष्टी वेगळ्या असतील.

पहिले पंधरा दिवस काहीही वाटू नका

उत्साहाच्या भरात पहिल्याच आठवड्यात चादरी वाटायला निघू नका. दोघादोघांच्या जोड्या करा आणि रात्री दहानंतर व पहाटे पाचच्या सुमाराला फेरी मारा: बसस्थानक, रेल्वे स्टेशन, सरकारी दवाखान्याचा व्हरांडा, मोंढ्यातली शेडं, देवळाच्या ओवऱ्या, पुलाखाली. एकच जागा वेगवेगळ्या वारी बघा. बाजाराच्या दिवशी दिसणारे चेहरे दुसऱ्या दिवशी नसतात. फोटो काढू नका. हा नियम पहिल्या दिवसापासून पाळला तर पाळला जातो, नंतर लावायला गेलं की कार्यकर्ते रुसतात.

फेरीत दिसतात ती छप्पर नसलेली माणसं: चुकून गाडीतून उतरलेली, मनानं हरवलेली, दवाखान्यात सोडून दिलेली म्हातारी, आणि खोलीचं भाडं वाचवायला उघड्यावर झोपणारे धडधाकट मजूरही. या शेवटच्यांना तुमच्या दयेची गरज नसते. त्यांना अंघोळीला जागा आणि कपडे ठेवायला कुलूपबंद पेटी मिळाली तरी खूप झालं.

पण छप्पर असून अडलेल्यांची संख्या याहून कितीतरी मोठी असते आणि ती फेरीत दिसत नाहीत. दसरा-दिवाळीला कोयता, म्हणजे ऊसतोडीला जाणारी जोडपी, बाहेर पडला की बीडकडच्या कितीतरी वस्त्या गुढीपाडव्यापर्यंत रिकाम्या होतात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायला नवरा-बायको साखर कारखान्यावर आणि घरी आजी, सोबत दोन लेकरं. कर्त्या माणसानं जीव दिलेली घरं आहेत. लग्न मोडून माहेरी आलेल्या, पण भावाच्या घरात नकोशा झालेल्या बाया आहेत. ही माणसं पंगतीला येत नाहीत. लाज वाटते. त्यांच्यापर्यंत पोचायला आशाताई, अंगणवाडीच्या ताई, पोस्टमन, रेशन दुकानदार आणि किराणावाला एवढे पुरतात. किराणावाल्याला उधारीची वही दाखव म्हणू नका, तो दाखवणार नाही आणि दाखवूही नये. “कोणाकडं एकदा जाऊन यावं असं वाटतंय का?” एवढंच विचारा. तो गल्ली सांगतो.

वही

दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची, एकच. मोबाईलमधली यादी चार जणांकडे चार तऱ्हेची होते. एका माणसाला एक पान द्या. त्यावर नाव (तो सांगेल ते, खरं-खोटं नंतर), अंदाजे वय, मूळ गाव, झोपण्याची जागा, कोणते कागद आहेत, दुखणं-औषध, शेवटचं कोण आणि कधी भेटलं, पुढं काय करायचं ठरलं. शेवटचा एक रकाना आम्ही नंतर वाढवला, त्याबद्दल शेवटी सांगतो.

पहिल्या भेटीत वही काढू नका. चहा प्या, बसा, नाव विचारा, आपलं सांगा. घरी जाऊन लिहा. आमच्याकडच्या एका मामांनी तिसऱ्या भेटीत गाव सांगितलं आणि सहाव्या भेटीत सांगितलं की ते गाव खोटं होतं. त्यांना परत पाठवतील अशी भीती होती. वही एकाच माणसाच्या ताब्यात, कुलपात ठेवा. कोण कोणाकडून मदत घेतंय हे पारावर बोललं गेलं, तर दुसऱ्या महिन्यापासून निम्मी माणसं येणं बंद करतात.

पैसा, नोंदणी आणि पावतीपुस्तक

हे कंटाळवाणं आहे, तरी आधीच करा. कायमचं काम करायचं तर 1950 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय कार्यालयात न्यासाची नोंदणी लागते. देवळाचा न्यास आधीपासून असेल तर त्याच्या घटनेत ‘गरिबांना मदत’ हा उद्देश आहे का ते वाचून घ्या. बऱ्याच जुन्या घटनांत फक्त पूजा-अर्चा आणि उत्सव लिहिलेले असतात. नोंदणी नसताना तात्पुरती वर्गणी गोळा करायची तर गणेश मंडळं घेतात तीच कलम 41 क ची परवानगी लागते. देणगीदाराला आयकरात सूट मिळावी म्हणून न्यासाला आयकर खात्याची 80 जी ही मान्यता असते, पण 2,000 रुपयांवरच्या रोख देणगीला ती सूट नाही. मोठी रक्कम चेकनं किंवा ऑनलाइनच घ्या. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या गावकऱ्यानं कितीही प्रेमानं पैसे पाठवले, तरी विदेशी देणगी कायद्याची नोंदणी असल्याशिवाय घेऊ नका. आपलाच पोरगा आहे, काय होतंय, असं इथं चालत नाही.

दर महिन्याची जमा आणि खर्च देवळाच्या फळ्यावर लिहा. देणाऱ्यांची नावं लिहा न लिहा, घेणाऱ्यांची कधीच नाही. आमचं काम महिन्याला शंभर-दोनशे देणाऱ्यांवर चालतं. एकदम पन्नास हजार देणारा माणूस पुढच्या वर्षी बॅनरवर फोटो मागतो, असा आमचा दोनदा अनुभव आहे.

रोजचं जेवण किती आणि कसं

रोज स्वयंपाक करण्याची शपथ घेऊ नका. आठवड्यातून दोन ठरलेले वार, ठरलेली वेळ, आणि ती कधीही चुकवायची नाही. महिनाभर रोज देऊन अचानक बंद पडणारं अन्नछत्र माणसाला जास्त उपाशी मारतं, कारण तोवर त्यानं दुसऱ्या जागा सोडलेल्या असतात. बाकीच्या दिवसांसाठी गावात शिवभोजन केंद्र चालू आहे का ते बघा. 2020 साली सुरू झाली तेव्हा ही थाळी 10 रुपयांना होती. असं केंद्र चालू असेल तर बंद दिवशीचे पैसे तिथं भरून टाका. चूल पेटवण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

पन्नास माणसांना आमचं माप असं आहे: सहा किलो तांदूळ, अडीच किलो तूरडाळ, दहा किलो ज्वारीचं पीठ आणि एक पालेभाजी नाहीतर पिठलं. भाकरी करायला वस्तीतल्याच तिघी बाया मजुरीनं येतात. ती मजुरी म्हणजेही मदतच आहे, आणि पंगतीत बसायला लाजणारी बाई चुलीपुढं ताठ बसते. दात नसलेल्यांसाठी मऊ खिचडी वेगळी काढा. साखरेचा आजार असलेल्यांना बुंदी वाढू नका, प्रसाद असला तरी.

भगरीबद्दल वेगळं सांगतो. एकादशीला, महाशिवरात्रीला भगर-आमटी केली जाते आणि तिच्यातून विषबाधेच्या बातम्या मराठवाड्याला नव्या नाहीत. दमट हवेत भगरीला बुरशी धरते, तयार पिठात ते कळतही नाही. म्हणून पीठ आणू नका, भगर निवडून, धुऊन घ्या, शिजली की गरम वाढा, उरलेली संध्याकाळी पुन्हा वाढू नका. आम्ही तर उपासाच्या दिवशीही वरण-भातच करतो. उपास आमचा असतो, त्यांचा रोजच असतो. नियमित जेवण देणार असाल तर अन्न सुरक्षा नोंदणी करून घ्या, आणि लग्नातलं उरलेलं अन्न आलं तर किती वाजता शिजलं हे विचारल्याशिवाय पातेलं उतरवून घेऊ नका.

घरी पोचवायचा शिधा

पहिल्या वर्षी आम्ही गहू-तांदूळ वाटले. मग एका आजीनं सांगितलं, “तांदूळ रेशनचाच पडलाय रे बाबा, फोडणीला तेल नाही.” अन्न सुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना 5 किलो आणि अंत्योदय कार्डावर 35 किलो धान्य मिळतं, आणि 2023 पासून ते फुकट आहे. म्हणून कार्ड चालू असेल त्या घरी धान्य नेऊ नका. एकट्या म्हाताऱ्या माणसाला आमचा महिन्याचा शिधा असा: एक लीटर तेल, दोन किलो तूरडाळ, किलोभर शेंगदाणे, साखर, चहापत्ती, तिखट-मीठ, दोन साबण, काडेपेटी, आणि वहीत लिहिलेलं औषध. पिशवी साधी, मंडळाचं नाव न छापलेली. संध्याकाळी, अंधार पडल्यावर, एकच माणूस जातो. या हाताचं त्या हाताला कळू नये म्हणतात, तसं गल्लीलाही कळू नये.

ऋतूचं भान ठेवा. डिसेंबरात जो तो ब्लँकेट वाटतो. एकाच माणसाकडे पाच ब्लँकेटं आम्ही मोजली आहेत. मे महिन्यात पारा 42-43 वर जातो तेव्हा त्याच माणसाच्या पायात चप्पल नसते आणि त्याला कोणी विचारत नाही. चप्पल, गमछा, पाण्याची बाटली आणि दुपारी बसायला सावली, हे उन्हाळ्याचं दान आहे.

कागद, म्हणजे अर्धं काम

इथं मंडळातला एक माणूस कायमचा लागतो. शक्यतो निवृत्त ग्रामसेवक, शिक्षक किंवा तलाठी, ज्याला कार्यालयाच्या बाकावर दोन तास बसायचा कंटाळा येत नाही.

सुरुवात आधारपासून करा. कार्ड हरवलंय म्हणजे आधार नाही असं नसतं. आधार केंद्रावर बोटांच्या ठशांवरून किंवा बुबुळांवरून जुना नंबर सापडू शकतो. नवं काढायला गेलात आणि आधीचं असेल तर अर्ज नाकारला जातो, महिना वाया जातो. आयुष्यभर ऊस तोडलेल्या, विटा उचललेल्या हातांवर ठसे उरलेले नसतात. “अंगठा लागत नाही” म्हणून परत पाठवलं, तर डोळे स्कॅन करा असा आग्रह धरा. कागदाचा एकही तुकडा नसलेल्या माणसासाठी राजपत्रित अधिकाऱ्याचं किंवा मान्यताप्राप्त निवारागृहाच्या प्रमुखाचं ठरलेल्या नमुन्यातलं, फोटो असलेलं प्रमाणपत्र चालतं. ठसे घेतल्यावर एखाद्याचं खरं नाव-गाव बाहेर पडतं आणि वर्षानुवर्षं हरवलेला माणूस घरी जातो, असंही घडलेलं आहे.

मग बँकेचं जनधन खातं, ते आधारला जोडणं, आणि रेशनकार्ड. कार्ड दुसऱ्या गावचं असेल तरी धान्य इथल्या दुकानात उचलता येतं. कार्ड नवं काढायचं तर प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात 44,000 आणि शहरी भागात 59,000 रुपये आहे. केशरी कार्डवाल्या शेतकरी कुटुंबांना मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत धान्याऐवजी खात्यावर पैसे मिळतात. कित्येकांना ते माहीत नसतं, कारण दुकानात धान्य बंद झालं एवढंच त्यांनी पाहिलेलं असतं.

त्यानंतर ‘निराधारचा पगार’. 18 ते 65 वयाच्या विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, गंभीर आजारी आणि निराधार माणसांना संजय गांधी निराधार योजना, 65 नंतर श्रावणबाळ. महिना 1,500 रुपये, दिव्यांगांना आता त्याहून जास्त. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 21,000 आणि राज्यात किमान 15 वर्षांचं वास्तव्य. अर्ज तहसीलला. अडतो तो बहुधा तीन ठिकाणी: वयाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, आणि विधवेच्या बाबतीत नवऱ्याचा मृत्यूचा दाखला, कारण तो माणूस कारखान्यावर किंवा पुण्या-मुंबईकडं गेलेला असतो आणि नोंद तिकडंच राहिलेली असते. जिथं मृत्यू झाला त्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत माणूस पाठवावा लागतो. प्रवासखर्च मंडळानं द्यावा. हजार रुपयाचा हा खर्च एखाद्या बाईला जन्मभराचा पगार मिळवून देतो, याहून मोठं अन्नदान मला तरी माहीत नाही. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला 18 ते 59 वयाचा कमावता माणूस गेला असेल, तर एकरकमी 20,000 रुपयांची कुटुंब लाभ योजना आहे, तिचा अर्जही त्याच खेपेत द्या.

पगार सुरू झाला म्हणून पान बंद करू नका. दरवर्षी हयातीचा दाखला लागतो. तो चुकला की पैसे थांबतात आणि म्हातारं माणूस ‘सरकारनं बंद केलं’ म्हणून गप्प बसतं. वहीत प्रत्येकाचा हयातीचा महिना लाल शाईनं लिहा.

ऊसतोडीला गेलेल्यांची लेकरं मागं असतील तर संत भगवानबाबांच्या नावाची शासकीय वसतिगृहं आणि शाळेतली हंगामी वसतिगृहाची सोय, या दोन्हींची चौकशी दसऱ्याच्या आधी करा. कोयता निघून गेल्यावर पालकांची सही आणायला कारखान्यावर जावं लागतं.

रात्रीचं छप्पर, दवाखाना आणि मनानं हरवलेले

गाडगेबाबांनी देवळं बांधली नाहीत, धर्मशाळा बांधल्या. पण धर्मशाळा चालवणं आणि देवळाची ओवरी रात्री उघडी ठेवणं यात फरक आहे. आम्ही ओवरी उघडी ठेवून पाहिली. तिसऱ्या आठवड्यात दारू पिऊन भांडण झालं, पोलीस आले, विश्वस्तांनी कुलूप लावलं. चूक आमची होती: रात्री जबाबदार माणूस ठेवला नव्हता, बायांना वेगळी जागा नव्हती, संडास नव्हता. या तीन गोष्टी नसतील तर निवारा उघडू नका. शहरात असाल तर महापालिकेचा बेघर निवारा शोधा. नागरी उपजीविका अभियानाच्या निकषानुसार दर एक लाख लोकसंख्येमागं शंभर माणसांची सोय असायला हवी आणि असे निवारे बहुतेक संस्थांकडे चालवायला दिलेले असतात. आपल्या शहरात किती आहेत हे मोजा आणि कमी असतील तर मागणी करा.

एकटं मूल दिसलं तर 1098 ला फोन करा. मूल मंडळात किंवा घरी ठेवून घेऊ नका, प्रेमानंसुद्धा. एकटी बाई असेल तर 181 किंवा बायांसाठीचं सरकारी सखी केंद्र, ज्येष्ठांसाठी 14567. पडून असलेल्या माणसाला 108 नं सरकारी दवाखान्यात न्या आणि तिथं समाजसेवा अधीक्षकांना भेटा. नातेवाईक नसलेल्या रुग्णाचं घोडं बहुधा त्यांच्याच टेबलावर पुढं सरकतं. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि 10 टक्के दुर्बलांना सवलतीत राखून ठेवलेल्या असतात. हे तोंडी सांगून भागत नाही, लेखी अर्ज द्यावा लागतो.

मनानं हरवलेल्या माणसाला बांधू नका, केस कापायला न्हावी घेऊन एकदम अंगावर जाऊ नका. रोज एकाच माणसानं, एकाच वेळी, थोडं लांब बसून खायला द्यावं. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 100 नुसार अशा माणसाला संरक्षणात घेऊन 24 तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत तपासायला नेणं हे पोलीस ठाण्याचं कर्तव्य आहे आणि त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. कलमाचा कागद खिशात ठेवा, पण तो काढायची वेळ येऊ देऊ नका. ठाणे अंमलदाराशी आधीच ओळख असेल तर काम चहावर होतं. राज्यातली चार जुनी मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत, मराठवाड्यापासून सगळीच लांब. तेव्हा जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाचा वार माहीत करून घ्या. गोळ्या सुरू झाल्या की रोज त्या कोण देणार, हे ठरवणं मंडळाचं काम. सल्ला हवा तर 14416 हा फोन आहे.

एक लक्षात असू द्या. आपल्या राज्यात भीक मागणं आजही 1959 च्या कायद्यानं गुन्हा आहे. त्यामुळं वर्दी दिसली की ही माणसं पळतात. पोलिसांना सोबत घेऊन पहिली फेरी कधीच मारू नका.

अभंग कुठं, आणि कुठं नाही

आमचं मंडळ हरिपाठ करतं. कामाला जाण्याआधी करतं, जेवण देताना नाही. आधी भजन मग भात अशी अट घातली की उपाशी माणूस टाळ्या वाजवतो, पण त्या भाताच्या वाजवतो. कोणी स्वतःहून येऊन बसला तर टाळ हातात द्या. संत एकनाथांच्या घरी श्राद्धाचा स्वयंपाक ब्राह्मणांच्या आधी गावकुसाबाहेरच्या भुकेल्यांच्या पोटात गेला ती गोष्ट पैठणच्या या बाजूला सगळ्यांनाच पाठ आहे. तरी आमच्याच पंगतीत पहिल्या वर्षी एका कार्यकर्त्यानं काही जणांना ‘तिकडं बसा’ म्हटलं होतं. त्याच दिवशी आम्ही वाढायला दुसरा माणूस उभा केला आणि त्याला पुढच्या पंगतीत त्या लोकांच्या मध्ये जेवायला बसवलं.

गावातल्या मशिदीची कमिटी जकातीतून औषधांचा खर्च उचलते, विहारातली पोरं अभ्यास घेतात. आम्ही तिघं महिन्यातून एकदा बसतो, यादी ताडून बघतो. त्यामुळं एकाच घरी तीन पिशव्या आणि शेजारच्या घरी शून्य, असं होत नाही. रमजानात जेवणाची वेळ आम्ही बदलतो. मांस-मच्छीचा प्रश्न आमच्या चुलीवर येत नाही, पण घरी कोण काय शिजवतो हे शिधा देताना आम्ही विचारत नाही.

शेवटचा रकाना

टाकीखालच्या त्या म्हातारीचं नाव आम्हाला पुढं कळलं, गावही कळलं, निराधारचा पगारही सुरू झाला. दोन पावसाळ्यांनंतर ती सरकारी दवाखान्यात वारली. बेवारस म्हणून पोलिसांचा पंचनामा, नातेवाइकांचा शोध, मग नगरपालिकेकडून अंत्यविधी, असा रस्ता असतो. मंडळानं लेखी विनंती करून ताबा मागितला आणि तो मिळाला. दहन की दफन, असं तिथल्या माणसानं विचारलं तेव्हा आम्ही एकमेकांकडं बघायला लागलो. नावावरून कळत नव्हतं. सात दिवस पंगतीत आणि दोन वर्षं ओळखीत, पण हे कोणी विचारलं नव्हतं. गळ्यात काही नव्हतं, हातावर गोंदण होतं, तेवढ्यावर ठरवलं.

तेव्हापासून वहीत शेवटचा रकाना आहे: ‘माघारी काय करायचं, कोणाला कळवायचं.’ चांगली ओळख झाल्यावर, सहज बोलता बोलता विचारायचं. बहुतेक जण हसून सांगतात. एकानं फक्त बहिणीचं नाव आणि तालुका सांगितला, एकीनं साडी कोणती ते सांगितलं. म्हातारीचं पान अजून वहीत आहे. त्या पानावर हा रकाना आम्ही नंतर आखला, आणि त्यात ‘विचारलं नाही’ असं लिहून ठेवलं.